नदीपलीकडून आलेला आवाज

ती घटना मला आजही आठवते, कारण स्वतःचं काहीही गेलेलं नसताना पोलीस ठाण्यात आलेली फिर्यादी मी तेवढीच पाहिली.

मी तेव्हा अमरावतीत सायबर शाखेत होतो. एक निवृत्त परिचारिका सकाळी हजेरी संपताच समोर येऊन बसल्या. पोलीस असल्याचं सांगून एका मुलीने त्यांना फोनवर हिंदीत धमकावलं होतं, पैसे मागितले होते. बाई रडू लागल्या तेव्हा तीच मुलगी हळूच म्हणाली, "मावशी, काहून रडून राहिल्या? पैसे नका पाठवू. फोन ठेवून द्या."

"माहं काही गेलं नाई, सायेब," बाई म्हणाल्या. "त्या पोरीचं पाहा. ती आपल्याकडची आहे, अन् फसलेली आहे."

फोन परदेशातून आला होता. बेपत्ता नोंदींत काही सापडेना. मग पोलीस पाटलांना निरोप दिले, की नोकरीसाठी परदेशी गेलेल्या मुलांची माहिती कळवा. आठवड्याने अंजनगाव सुर्जीचे एक गृहस्थ आले. नांदगाव पेठच्या कापड कारखान्यात कामाला होते.

"पोरगी कॉम्प्युटरच्या कामावर गेली. फोनवर मी आपल्या बोलीत विचारलं तरी हिंदीतच उत्तर देते," ते म्हणाले.

मला शंका आली, की तिच्या शेजारी हिंदी समजणारं कुणीतरी पहाऱ्यावर बसत असावं. मुलीचा जुना व्हॉइस मेसेज बाईंना ऐकवला. त्या लगेच म्हणाल्या, "हाच आवाज."

मुलीला पाठवणारा एजंट बाळापूरचा होता. दोन दिवस तो एकच सांगत होता, "मी फक्त तिकीट काढून दिलं." तिसऱ्या दिवशी मी मुलीच्या वडिलांना त्याच्यासमोर बसवलं. ते ओरडले नाहीत. एवढंच विचारलं, "तिले जेवाले तरी देतात का?"

एजंटने मान खाली घातली. मुलीसकट चार जणांना पाठवल्याचं कबूल केलं. "थायलंडपर्यंत विमान, मग नदी. नदीच्या पलीकडं कोनाचंच सरकार नाई, सायेब. बंदूकवाल्याईचं राज्य आहे. पोराईले कोंडून असेच फोन कराले लावतात."

तिथे माझं समन्स चालणार नव्हतं. जबाब, फोटो आणि एजंटने दिलेला पत्ता वरिष्ठांमार्फत आपल्या दूतावासाकडे पाठवला आणि दर आठवड्याला स्मरणपत्र लिहीत राहिलो. काही महिन्यांनी तिथल्या टोळ्यांत आपसात जुंपली. त्या गडबडीत चौघांपैकी मुलगी आणि आणखी एक जण नदी ओलांडून सुटले.

ती परतली तेव्हा मनगटांवर विजेच्या झटक्यांचे डाग होते. बाईंना सावध केल्याचं पकडलं गेलं होतं, त्याची ती शिक्षा. धमकीचे फोन तिनेच केले, म्हणून तिला आरोपी करावं असं शाखेतल्या काहींचं मत होतं. बाईंनी स्वतःहून येऊन पुरवणी जबाब दिला, "हिनं मले वाचवलं." दोषारोपपत्रात एजंट आरोपी झाला, मुलगी साक्षीदार.

कायद्याचा हात जिथे पोहोचत नाही, तिथला धोका आपल्या घरापर्यंत सहज पोहोचतो. आणि फोनवर धमकावणाराही कुणाचा तरी कैदी असू शकतो. हे मी त्या प्रकरणात शिकलो.

उरलेल्या दोघांचा पत्ता लागला नाही. दोघांचेही वडील अजून मला फोन करतात. मी निवृत्त झालो, हे मी त्यांना सांगितलेलं नाही.