शंभरटक्के आणि उजेडाचा एक कण

संशोधन संस्थेच्या बसचा ड्रायव्हर आयुष्यात एकदाही चुकला नव्हता. निदान त्याच्या मते तरी. "पुढचा रस्ता उघडा आहे का हो?" असं कुणी विचारलं की तो मान न वळवता सांगायचा, "उघडा आहे. शंभर टक्के!" मग बस एका खणलेल्या खड्ड्यापाशी जाऊन उभी राहायची, सगळे शास्त्रज्ञ उतरून पायी चालू लागायचे आणि हा खिडकीतून त्यांना समजावायचा की रस्ता काल उघडाच होता, आज कुणी खणला तर ती खणणाऱ्याची चूक. असा हा गडी. शिपायापासून संचालकांपर्यंत सगळे त्याला शंभरटक्के म्हणायचे, आणि त्यालाही ती पदवीच वाटायची.

घरी मात्र या पदवीला कुणी भीक घालत नव्हतं. बायको शिवणकाम करायची. कापडाला कात्री लावण्याआधी दोनदा मोजणारी बाई ती. "तुमच्या खात्रीवर मी कपडे शिवले असते, तर गिऱ्हाइकांना तीन बाह्या आल्या असत्या," असं ती म्हणायची आणि वर मशीनचं चाक असं फिरवायची की त्याला उत्तर देता येऊ नये.

एका संध्याकाळी बस संस्थेच्या फाटकाच्या खांबाला घासली. फार नाही, पण दाराजवळचा पत्रा चांगलाच चेपला. शंभरटक्केने खाली उतरून खांबाचं निरीक्षण केलं आणि तो वीतभर पुढे सरकल्याचं जाहीर केलं.

"खांब काय फिरायला निघाला होता?" घरी हे ऐकून बायकोने विचारलं. "डोळे दाखवून या आधी."

"माझी नजर म्हणजे घारीची आहे."

"घार कधी फाटकाला धडकल्याचं ऐकलं नाही मी."

तो हसला नाही. कारण खरी गोष्ट अशी होती की गेल्या काही महिन्यांपासून दिवे लागायच्या वेळेला त्याला समोरच्या गाड्यांचे दिवे पिंजलेल्या कापसासारखे दिसायला लागले होते. तो बस डोळ्यांनी कमी आणि सवयीने जास्त चालवत होता. त्याचे वडीलही ट्रकवर होते. त्यांची नजर हळूहळू गेली, आणि त्यांनी ती कुणाला कळू दिली नाही. ओट्यावर बसून पावलांच्या आवाजावरून माणूस ओळखायचे आणि "आज निळा सदरा घातलास वाटतं," असं ठोकून द्यायचे. सदरा बहुतेक वेळा पांढरा असायचा. लोक मागे फिरले की हसायचे. मुलाने ते हसू पाहिलं होतं, आणि आपणही त्याच ओट्यावर जाऊन बसणार ही भीती त्याच्या पोटात ठाण मांडून होती. डोळे दाखवले की बस जाणार, बस गेली की ओटा. म्हणून तो डोळे दाखवत नव्हता.

त्याने आधीच एक युक्ती काढली होती. संध्याकाळची फेरी अंधार पडण्याआधी सुटली पाहिजे, असा त्याने कार्यालयात आग्रह धरला. कारण काय, तर शास्त्रज्ञांनी आपल्या मुलाबाळांत वेळ घालवावा. कार्यालयाला हे एकदम पटलं. दोन प्राध्यापकांच्या बायकांनी तर त्याचे आभार मानले. तरी बस खांबाला घासली ती नेमकी पावसाळी आभाळ भरून येऊन लवकर अंधारलं त्या दिवशी.

आता त्याच संस्थेत एक तरुण बाई होती, जिला सगळे अंधारवाली म्हणत. ती शिकली भौतिकशास्त्र, पण काम करायची डोळ्यांवर. त्यामुळे भौतिकवाले तिला जीववाल्यांची समजायचे, जीववाले भौतिकवाल्यांची, आणि दोघांच्याही बैठकीत तिला खुर्ची कमी पडायची. तिचा प्रश्न सोपा होता: माणसाच्या डोळ्याला उजेडाचा एकच एक कण दिसतो का? उजेड म्हणजे असंख्य कणांची झुंबड. त्यातला एकच सोडला, तर आत काही जाणवतं का? त्यासाठी ती दिवसभर काळ्या पडद्यांच्या खोलीत बसायची आणि जेवायला बाहेर आली की घुबडासारखी डोळे मिचकावत उपाहारगृहाचा दरवाजा चाचपायची. तिला प्रयोगासाठी चांगल्या नजरेची माणसं हवी होती.

शंभरटक्केने हे ऐकलं आणि त्याला वाटलं, देवच पावला. आपण एक कण पाहून दाखवला की प्रत्यक्ष विज्ञानाचा शिक्का बसेल. मग बायको काय बोलणार? प्रयोगाआधी भिंतीवरचा अक्षरांचा तक्ता वाचावा लागायचा. पण तो तक्ता शहरातून त्यानेच बसमध्ये घालून आणला होता, आणि बरेच दिवस तो त्याच्या सीटमागे पडून होता. त्याला तो तळातल्या बारीक ओळीसकट पाठ होता. त्याने तो घडाघडा म्हटला. अंधारवालीने पुढची ओळ दाखवायला काठी उचलली, तोवर याने ती म्हणूनही टाकली होती.

प्रयोग असा. आधी अर्धा-पाऊण तास काळ्याकुट्ट अंधारात नुसतं बसायचं, म्हणजे डोळा तयार होतो. मग समोर एक मंद लाल फुली दिसते. ती स्वच्छ दिसली की तसं सांगायचं, नजर तिच्यावर रोखायची आणि एक पट्टी दातांत घट्ट धरायची, म्हणजे डोकं हलत नाही. पट्टी दातांत असल्यामुळे बोलता येत नाही, आणि शंभरटक्केसाठी विज्ञानातला सगळ्यात कठीण भाग हाच होता. मग दोनदा टिंग वाजतं. कण पहिल्या टिंगला आला की दुसऱ्या, ते बटण दाबून सांगायचं. आणि शेवटी आपली खात्री किती, त्याची तीन बटणं: नाही, थोडी, पूर्ण.

"फुली दिसते?" बाहेरून ध्वनिक्षेपकातून विचारणा व्हायची.

"दिसते. शंभर टक्के!" असं म्हणून तो पट्टी चावायचा, आणि पुढे दर वेळी पूर्ण खात्रीचं बटण दाबायचा. इतक्या जोरात, की एकदा ते आतच अडकलं आणि अंधारवालीला सुरीच्या टोकाने ते बाहेर काढावं लागलं.

बऱ्याच बैठका झाल्यावर तिने त्याला बोलावलं.

"काका, तुमचे आकडे बघितले."

"पहिला नंबर?"

"नाणं उडवून उत्तरं दिली असती ना, तरी एवढीच बरोबर आली असती."

"म्हणजे निम्मी बरोबर! नवख्या माणसाला निम्मी कमी आहेत का?"

"आणि मधूनमधून मी कण सोडलाच नव्हता. दोन्ही वेळा नुसता अंधार. तिथेही तुम्ही पूर्ण खात्री दाबली आहे."

"तुम्ही सोडला नसेल, मॅडम. मला दिसला."

अंधारवालीने कपाळाला हात लावला. पण बाई चिवट होती. "काका, 'खात्री नाही' हेसुद्धा उत्तरच आहे. मला त्याचाच जास्त उपयोग होतो. बाकीची माणसं 'नाही बुवा सांगता येत' म्हणत घाबरत घाबरत दाबतात आणि तरी निम्म्यापेक्षा जरा जास्त बरोबर येतात. तुम्ही एकदा खरं खरं दाबून बघा. नाहीतर तुमच्या सगळ्या बैठका मला फेकून द्याव्या लागतील, आणि माझं कित्येक आठवड्यांचं काम पाण्यात."

हे मात्र त्याच्या मनाला लागलं. आपल्यामुळे एका पोरीचं काम बुडावं, हे त्याला आवडलं नाही. त्याने सराव करायचं ठरवलं. खात्री नसण्याचा सराव.

"पाऊस येईल का हो? कपडे बाहेर वाळत घालू?" बायकोने विचारलं.

तो आभाळाकडे बघून घाम येईस्तोवर विचार करत राहिला. "सांगता येत नाही."

बायकोने कपड्यांची बादली खाली ठेवली आणि जवळ येऊन त्याच्या कपाळाला हात लावून पाहिला. जेवताना तिने विचारलं, मीठ बरोबर आहे का? तो म्हणाला, "असावं." त्यावर तिने बहिणीला फोन केला आणि दबक्या आवाजात सांगितलं, "यांना काहीतरी झालंय. मी विचारते ते हे ऐकून घेतायत."

पुढच्या बैठकीला तो अंधारात जाऊन बसला. डोळा तयार व्हायला लागणारा वेळ गेला. लाल फुली लागली.

"फुली दिसते, काका?"

नेहमीचं उत्तर ओठांवर आलंच होतं. पण इतक्या दिवसांच्या सरावाने जीभ थोडी अडखळली. आणि खोलीत असा अंधार होता की त्याचं तोंड कुणालाही दिसत नव्हतं. तेवढ्याने त्याला धीर आला.

"एक नाही दिसत, मॅडम. तीन-चार दिसतात. एकमेकींवर चढलेल्या. आणि भोवती सगळा कापूस."

बाहेरून लगेच प्रश्न आला.

"कधीपासून?"

"पहिल्या दिवसापासून."

"अहो, मग तुमचा डोळा कधी जागेवर नव्हताच! कण भलतीकडेच गेले सगळे. दिसते, दिसते असं का सांगत होतात?"

"मी बस चालवतो ना, मॅडम."

तिने आत येऊन दिवा लावला. दोघेही डोळे मिचकावत एकमेकांकडे बघत राहिले. तिला रागावायचं होतं, पण त्याचा चेहरा बघून तिचा राग पळाला. ती एवढंच म्हणाली, "त्या बसमध्ये मीही बसते, काका."

त्याने खिशातून बसची किल्ली काढून तिच्या टेबलावर ठेवली. ती ठेवताना त्याला रडू येईल असं वाटलं. आलंही थोडं, पण तो म्हणाला की दिव्यामुळे पाणी आलं.

त्या संध्याकाळी बस संस्थेच्या माळीबुवांनी चालवली. परवाना त्यांच्याकडेही होता. शंभरटक्के पहिल्यांदाच मागच्या बाकावर बसला, आणि घरापर्यंत त्याने उजव्या पायाने बसचा पत्रा इतका दाबला की शेजारच्या प्राध्यापकांनी पाय आखडून घेतले.

घरी त्याने बायकोला सगळं सांगितलं. अगदी पाठ केलेल्या तक्त्यापासून वडिलांच्या ओट्यापर्यंत. तिच्याकडे टोमण्यांचा साठा तयारच होता, खास याच दिवसासाठी जपलेला. पण तिला त्यातला एकही सापडेना. "उद्याच जाऊ," एवढंच ती म्हणाली आणि मशीनवर झाकण घातलं.

डोळ्यांच्या डॉक्टरांनी यंत्रातून बघितलं. मोतीबिंदू. दोन्ही डोळ्यांत, उजव्यात जास्त. वडिलांचा आजार वेगळा असावा, म्हणाले. यात आतलं गढूळ झालेलं भिंग काढून नवं बसवायचं, बहुतेकांना छान दिसतं, कदाचित बसही चालवता येईल.

"बहुतेकांना म्हणजे?" त्याने विचारलं.

"बहुतेकांना म्हणजे बहुतेकांना," डॉक्टर म्हणाले. ते कोणत्याच पेशंटला याहून पुढे काही सांगत नसत.

शस्त्रक्रियेच्या दिवशी दोघं बाहेरच्या बाकावर बसले होते. त्याच्या उजव्या भुवईवर पेनाने खूण केली होती, डोळ्यात थेंब घातले होते, आणि समोरची भिंत नुसती पांढरी वितळलेली दिसत होती.  एकदम बायकोने त्याची बाही धरली.

"अहो, नीट होईल ना सगळं?"

त्याने तिच्याकडे बघितलं. चेहरा पुसट होता, पण आवाज लख्ख होता.

"सांगा ना," ती म्हणाली. "एरवी सांगता तसं सांगा. मी काही बोलणार नाही."

त्याला सांगायचं होतं. आयुष्यभर हजारदा फुकट वाटत आलेली ती खात्री आज पहिल्यांदा कुणीतरी मागत होतं, तेही हिने. त्याने तोंड उघडलं.

"माहीत नाही गं," तो म्हणाला. "मला भीती वाटते."

 तिने बाही सोडली आणि त्याचा हात हातात घेतला. "मलाही," ती म्हणाली, आणि आतून बोलावणं आल्यावर परिचारिकेने दोनदा सांगूनही तिने तो दारापर्यंत सोडला नाही.