अकराव्या ओवीनंतरचा खोकला

पोथीमामा पोथी वाचताना अकराव्या ओवीनंतर दोनदा खोकत. थंडी असो की उन्हाळा, दोनदाच. खोकला झाला की जमलेली सगळी मंडळी हात जोडून मान झुकवत.

आमचा पंथ हैदराबादेतल्या साठेक घरांचा. नाव बाहेर सांगायचं नाही, म्हणून इथेही सांगत नाही. दर पौर्णिमेला संध्याकाळी विद्यानगरात मामांच्या घरी दारं-खिडक्या लावून पोथी वाचली जाई. ती गुप्त लिपीत. लिपी एकालाच यायची आणि त्याने जाण्याआधी ती एकालाच द्यायची. मामांना ती अप्पांकडून, म्हणजे त्यांच्या वडिलांकडून मिळालेली. एरवी मामांचं कोठीच्या बाजारात जुन्या पुस्तकांचं दुकान होतं. गिऱ्हाईक पानं चाळू लागलं की म्हणत, "आधी वास घ्या की. अक्षरं कुठं पळून जायलीत?"

मामांना मूलबाळ नव्हतं. सत्तरी उलटली तशी वारसाची कुजबुज सुरू झाली. सगळ्यांच्या तोंडी त्यांच्या पुतण्याचं, सुहासचं नाव. पुण्याहून इथल्या आयटी कंपनीत आलेला, हुशार. तो म्हणाला, "काका, नुसती बाराखडी दाखवा. बाकीचं मी कॉम्प्युटरवर उलगडतो." मामांनी घाम पुसला आणि त्याला आणखी एक पुरणपोळी वाढली. मी पडले बहिणीची मुलगी, तेलुगू-इंग्रजीत शिकलेली, तेव्हा मराठी अडखळत वाचणारी. लहानपणापासून ऐकून पोथी मला तोंडपाठ होती, पण माझं नाव कुणी घेतलं नाही. खरं सांगते, मला ते लागलं होतं.

एका दुपारी मामांनी मला बोलावून पोथी माझ्या मांडीवर ठेवली.

"ही तुझी."

"पण मामा, लिपी?"

"मला तरी कुठं येती? अप्पा शिकवायच्या आधीच गेले. मी ऐकलेलं म्हणतो अन् पानं उलटतो."

माझं डोकंच फिरलं. "चाळीस वर्षं फसवलंत सगळ्यांना?"

"हौ, फसवलो. पण अप्पांचा एक शब्द सांडू दिलो नाही. उद्या सुहासनं लिपी सोडवली अन् आत भलतंच निघालं, तर ह्या साठ घरांनी मान कुठं झुकवायची?"

"आणि तो खोकला?"

"अप्पांचाच. त्यांना दमा होता. पण कुठला पोथीतला अन् कुठला दम्याचा, मला काय ठाऊक? म्हणून ठेवून दिलो."

रुसून बसायचं ठरवलेली मी पोट धरून हसत सुटले.

मामांना जाऊन दोन वर्षं झाली. पोथी आता मी वाचते, म्हणजे पानं उलटते. हे लिहून मी गुपित फोडतेय असं कुणाला वाटेल. पण आमच्या नव्या पोरांना मराठी वाचता कुठे येतं? आणि जुन्यांच्या चष्म्यांचे नंबर मला माहीत आहेत.

अकराव्या ओवीशी पोचले की मामांची फार आठवण येते आणि खोकला आपसूक येतो. गेल्या पौर्णिमेला सगळ्यांच्या माना झुकलेल्या असताना पुढे बसलेली सुहासची आठ वर्षांची मुलगी माझ्याकडे टक लावून बघत होती. माझ्या बरोबरीने तीही खोकली, मोजून दोनदा. सुहासने डोळे वटारले. वाचन संपल्यावर मी तिला जवळ घेतलं आणि पोथी तिच्या मांडीवर ठेवली. म्हटलं, बघ बरं, जड लागते का.