मारामुरेशातल्या ईनबाई

निसर्गाने ज्यांच्यापुढे सपशेल हात टेकले अशी एकच व्यक्ती मी आजवर पाहिली आहे, आणि ती म्हणजे माझी विहीण. त्यांच्यासमोर अख्खा हिमालय आणून ठेवा, चहाच्या कपावरून त्याच्याकडे एकदा बघतील, "बरा हाय," म्हणतील आणि बाजूच्या बाकावरच्या अनोळखी पोरीला विचारतील, "काहून वं, लग्न झालं का तुहं?" बाई सावनेरकडच्या शेतकरी घरातल्या. यजमान गेल्यावर नागपुरात मनीषनगरच्या फ्लॅटमध्ये राहायला आल्या, आणि बघता बघता त्या इमारतीत कुणी बिनलग्नाचं असणं ही नळाला पाणी न येण्यासारखी सार्वजनिक तक्रार होऊन बसली. एकदा लिफ्ट मध्येच अडकली, तेव्हा आतल्या दोन कुटुंबांची सोयरीक बाईंनी बाहेरून, दाराच्या फटीला तोंड लावून जुळवली. दुरुस्तीवाला येईपर्यंत बोलणी मानपानापर्यंत आली होती.

आमच्याकडच्या बोलीत विहिणीला ईनबाई म्हणतात. नात्याने मी मुलाची आई, म्हणजे मान माझा. तो त्यांनी लग्नाच्या पंगतीत मला यथासांग दिला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी परत घेतला. "काय जी ईनबाई, तुमच्या धरमपेठेत वरणात गूळ घालते म्हणे?" असं त्यांनी भर बैठकीत विचारलं, त्याला आता कितीतरी वर्षं झाली, मी अजून उत्तर शोधते आहे.

तर अशा या बाईंच्या हातून जगाची लग्नं झाली आणि घरचंच एक राहिलं. थोरली माझी सून. ती आणि माझा मुलगा बंगळुरात. धाकटी कॉम्प्युटरची नोकरी धरून गेली ती थेट रोमानियात, क्लूज नावाच्या शहरात. आणि येते येते म्हणत चौतिशीला पोचली. शेवटी मुलाने आणि सुनेने आम्हा दोघींची तिकिटं काढली. "देश बघून या," ते म्हणाले. विहीणबाई देश बघायला निघाल्याच नव्हत्या. काटोलचा एक संत्र्याच्या बगिचेवाला मुलगा त्यांनी हेरून ठेवला होता, साखरपुड्याची हिरवी साडी बॅगेत तळाशी घातली होती आणि सगळ्या सावनेरात सांगून टाकलं होतं, "पोरीले घेऊनच येते."

आणि मी? मी तेव्हा साठी नुकतीच ओलांडलेली अल्लड पोर होते. रोमानिया म्हटल्यावर मला एकच आठवलं. नवी नवरी असताना मी धरमपेठेतल्या माडीवर रक्तपिपासू सरदाराची एक भाषांतरित कादंबरी वाचली होती आणि भिऊन खिडकीला लसणाच्या माळा बांधल्या होत्या. तिसऱ्या दिवशी सासूबाईंनी त्या उतरवून ठेच्यात घातल्या, आणि तो सरदार ठेच्याच्या वासानेच परत गेला असावा. एवढ्या अनुभवावर मी स्वतःला त्या देशाची जाणकार समजत होते. जाताना रुंद काठाची टोपी घेतली. 'मुल्त्सुमेस्क' म्हणजे आभारी आहे, हा एकच शब्द पाठ केला आणि तिथे तो इतका वापरला की एका बाईने माझ्या पायावर पाय दिला तेव्हाही मी तिचे आभारच मानले. विहीणबाई एकही शब्द शिकल्या नाहीत. त्यांचं म्हणणं, माणूस बहिरं नसलं तर वऱ्हाडी समजतेच. फक्त जरा मोठ्यानं बोलावं.

धाकटीने सुट्टी काढली आणि आम्हाला गाडीत घालून उत्तरेला मारामुरेशात नेलं. हा तिथला जुना प्रांत. हिरवे डोंगर, उतारांवर खांबाभोवती रचलेले गवताचे उंच ढीग, घरांपुढे घराहून मोठे कोरीव लाकडी दरवाजे आणि गावोगावी लाकडी चर्च. त्यांचे कळस सुईसारखे थेट आभाळात गेलेले. ते पाहून मला भरून आलं. विहीणबाई म्हणाल्या, "एवढं उंच काहून केलं असन? वरतं झाडझूड कोण करते?"

त्या प्रांतातलं एकही प्रेक्षणीय ठिकाण आमचं चुकलं नाही, याचं सगळं श्रेय विहीणबाईंना आहे. त्याचं असं झालं, गाडी सुरू झाली की त्या घसा साफ करायच्या. "पोरी, काटोलचा तो मुलगा..." की लगेच धाकटी, "आई, ते पाह्य, तीनशे वर्षांचं चर्च!" आणि गाडी थांबायची. आम्ही उतरायचो, चर्च पाहायचो, पुन्हा बसायचो. "हां, तं मी म्हणत होती, बगिचा त्याचा स्वतःचा..." "आई, दरवाजा पाह्य, एका लाकडातून कोरलाय!" पुन्हा उतरा. मुलाच्या शिक्षणापाशी एक मठ झाला, त्याच्या उंचीपाशी एक धबधबा, आणि त्याच्या आईचा स्वभाव गरीब आहे हे सांगेपर्यंत इझा नदीचं सगळं खोरं पाहून संपलं. लोक मार्गदर्शक पुस्तक घेऊन फिरतात. आम्ही काटोलच्या मुलाच्या आधारावर फिरलो.

विहीणबाईही कच्च्या गुरूच्या चेल्या नव्हत्या. जिथे उतरवलं तिथे त्या आपलं काम सुरू करायच्या. एका उतारावर म्हातारा शेतकरी गवत रचत होता. या सरळ शेतात शिरल्या. "बाप्पा, मधात खांब कायले गाडता? आमच्याकडे असं नाई करत," म्हणत त्यांनी सुधारणा म्हणून बुडातून एक पेंढी ओढली आणि तो ताडमाड ढीग हळूच म्हाताऱ्याच्या अंगावर कलला. मी टोपी सांभाळत "मुल्त्सुमेस्क, मुल्त्सुमेस्क" करत राहिले. म्हातारा मात्र खो खो हसला आणि त्याने आलुबुखाराची घरगुती दारू पेलाभर पुढे केली. विहीणबाईंनी ती तीर्थासारखी डोळे मिटून घेतली, ठसका आवरला आणि लेकीला म्हणाल्या, "इचार त्याले, पोरं लग्नाची हायेत का?"

जंगलातून धुराचं इंजिन लावलेली एक छोटी आगगाडी जाते, तिच्यातही बसलो. बाईंनी लाकडी बाकावरून हात फिरवला आणि त्यांचा आवाज चढला. "ही तं आमची सावनेरची छोटी गाडी होय! आमच्याकडे रूळ रुंद केले अन् जुनी गाडी या लोकायले इकून टाकली." बाहेर दरी होती, नदी होती, देवदारासारखी झाडं रांगेने चढत गेली होती, आणि या बाई बाकाखाली वाकून सावनेरच्या कुण्या पोराने नाव कोरलं आहे का ते शोधत होत्या.

एका गावातली दफनभूमी मात्र मी जन्मात विसरणार नाही. निळ्या रंगाचे लाकडी क्रूस, प्रत्येकावर गेलेल्या माणसाचं रंगीत चित्र आणि खाली त्याच्या खोडीची चार ओळींची कविता. कुणी ट्रॅक्टरवर, कुणी मागापाशी, कुणी बाटलीसह. मृत्यूवर काहीतरी खोल सुचावं म्हणून मी एका झाडाखाली उभी राहिले, मान तिरपी वगैरे करून. विहीणबाई एका देखण्या तरुणाच्या चित्रापुढे थांबल्या होत्या.

"ह्याचं लग्न झालं होतं का वं?"

"आई, तो मेलाय!"

"ते दिसूनच राहिलं मले. पोट्टं बिनलग्नाचं गेलं का, एवढंच इचारलं."

मला खोल असं काही सुचलं नाही. मी विचारलं, "ईनबाई, माझ्या क्रूसावर काय लिहितील हो?" त्या क्षणात म्हणाल्या, "'हे बाई अथी निजली हाय, पण अजूनही सांगूनच राहिली.'"

मुक्कामाला आम्ही एका खेड्यात होतो. घरमालकीण आमच्याच वयाची, डोक्याला काळा रुमाल बांधणारी विधवा. तिच्या अंगणात एक वाळकं झाड होतं आणि त्याच्या फांद्यांना पानांऐवजी रंगीबेरंगी पातेली टांगलेली. ही तिथली जुनी रीत, धाकटीने बेसावधपणे सांगितलं. झाडाच्या शेंड्याला लाल भांडं दिसलं की या घरात लग्नाची मुलगी आहे असं गावाने समजायचं. बोलल्यावर तिने जीभ चावली. पण उशीर झाला होता. सगळा मारामुरेश ज्यांना हलवू शकला नाही त्या विहीणबाई त्या झाडाकडे डोळे भरून बघत होत्या. "पाह्यलं का जी ईनबाई?" त्या म्हणाल्या. "याले म्हणते सुधारलेला देश."

दुसऱ्या दिवशी बाजारात त्यांनी एक लाल गंज घेतला, म्हणजे आपलं पातेलंच. मला वाटलं, भातासाठी घेतला असेल. त्याच्या दुसऱ्या सकाळी आम्ही चहा घेत होतो तर अंगणात ही गर्दी. बायका पदर नव्हे, रुमाल तोंडाला लावून हसताहेत, आणि पुढे शेजारचा विधुर म्हातारा, डोक्यावर एवढीशी गवताची टोपी, दाढी नुकतीच केलेली, हातात बाटली. झाडाच्या शेंड्यावर लाल गंज उन्हात चमकत होता. घरमालकीण कमरेवर हात ठेवून कधी झाडाकडे बघे, कधी म्हाताऱ्याकडे.

"आई, हे तू केलं?"

"हाव. शिडी होतीच. यायच्या गावचीच रीत होय ना?"

"अगं पण घर यांचं आहे! गावाला वाटलं यांनाच लग्न करायचंय!"

विहीणबाईंनी म्हाताऱ्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "मंग त्यात वाईट काय हाय? माणूस धट्टाकट्टा हाय. जमीन किती म्हणा त्याले?"

धाकटीने कपाळाला हात लावला. पण घरमालकीण हसत सुटली, अगदी डोळ्यांतून पाणी येईस्तोवर. म्हाताऱ्याला तिने बाकावर बसवलं, विहीणबाईंनी दिलेली संत्राबर्फी त्याच्यापुढे ठेवली आणि मग विचारलं, भांडं नक्की कुणासाठी? आता दुभाषी एकच होती.

"सांग तिले," विहीणबाई म्हणाल्या, "माह्या या पोरीसाठी लावलं म्हणा."

धाकटीने स्वतःबद्दलचं ते वाक्य मान खाली घालून सांगितलं. घरमालकिणीने समोर बोट दाखवलं. रस्त्यापलीकडे दुमजली नवंकोरं घर होतं, खिडक्या बंद, दाराला कुलूप. ती हळूहळू बोलत होती आणि धाकटी थांबत थांबत आम्हाला सांगत होती. "त्या म्हणतात, ते घर त्यांच्या मुलीचं आहे. तिच्यासाठी यांनीही याच झाडाला लाल भांडं लावलं होतं. नवरा चांगला मिळाला. दोघं मिळून इटलीला गेले, तिथल्या पैशातून घर बांधलं. नाताळात आठवडाभर येतात." मग तिने आणखी एक वाक्य सांगितलं, ते आईकडे न बघता. "त्या म्हणतात, भांडं लावल्यानं लग्न होतं. मुलगी जवळ राहत नाही."

विहीणबाई त्या कुलपाकडे बघत बाकावर टेकल्या. म्हाताऱ्याने टोपी काढून मांडीवर ठेवली. मग त्या म्हणाल्या, "मले वाटे, काटोलले दिली तं निदान एस्टीच्या टप्प्यात राहीन." आणि मग लेकीला, "काढ वं तो गंज. उगाच लोकायचा खोळंबा."

काटोलच्या मुलाचा विषय त्यानंतर निघाला नाही. परतताना वाटेत दोन चर्च आणि एक सुंदर दरी लागली; गाडी कुठेच थांबली नाही. विमानतळावर त्यांनी ती हिरवी साडी लेकीच्या हातात ठेवली. "दिवाळीले नेसजो," एवढंच म्हणाल्या. सावनेरात लोकांनी विचारलं, पोरगी काहून नाई आणली? तर बाई ताठ मानेने सांगत, "तिचं पाहून होयाचं हाय अजून. लय मोठा देश हाय तो."

आता गुडघ्यांनी असहकार पुकारल्यामुळे विहीणबाई मनीषनगरच्या बाल्कनीपलीकडे जात नाहीत. रविवारी मी धरमपेठेतून त्यांच्याकडे जाते. संध्याकाळी धाकटीचा फोन येतो, चेहरा दिसणारा. ती तिकडे सुट्टीच्या दिवशी डोंगरात भटकत असते. तीन वाक्यांत दोघींचं बोलणं संपतं: जेवली का, थंडी हाय का, गोळ्या घेतल्या का. चौथ्या वाक्याला विहीणबाई म्हणतात, "तो डोंगर दाखव बरं." ती दाखवते. "अन् तथलं ते चर्च?" तेही दाखवते. मग नदी, मग पूल, मग पुलापलीकडची गाय. परवा मला राहवलं नाही. म्हटलं, "ईनबाई, एवढा देश फिरलात तेव्हा मान वर केली नाहीत. आता कुठून आलं हे निसर्गप्रेम?"

त्यांनी फोनवर तळहात दाबून धरला आणि माझ्याकडे वाकल्या.

"डोंगराले काय चाटाचं हाय जी? पण डोंगर दाखवते तवरक पोट्टी फोन नाई ठेवत."

मग हात काढून, चष्मा सारखा करून, मोठ्या आवाजात म्हणाल्या, "हां, दाखव वं पोरी. त्याच्या मांगं काय हाय?"