उरेब घडी

वहीला घडी पडलेली मला खपत नाही. शाळेत शिकवत होते तेव्हा घडीचे दोन मार्क सरळ कापायचे. रिटायर होऊन क्लास काढला, तरी खोड गेली नाही. ती जिरवली तुळसाने. भाट्ये गावात ब्लाउज शिवते. माझीच विद्यार्थिनी, नववीत गणितात नापास होऊन शाळा सोडलेली.

तिची लेक मनस्वी अकरावी सायन्सला, माझ्या क्लासात. लॉगरिदमपाशी पोरगी अडली ती अडलीच. "शनिवारच्या चाचणीत विसात सात नाही पडले तर सायन्स सोडणार," असं घरी सांगून बसलेली. शुक्रवारी तुळसा मशीन बंद ठेवून तिला घेऊन आली.

"बाई, अडतं कुठे ते मला दाखवा तरी."

"तुला काय कळणार गो?" मी फटकन बोलले. तरी दाखवलं. हा वर्गमूळ दोनच्या घातांचा आलेख. त्यात x आणि y ची अदलाबदल केली की त्याचं व्यस्त फल, म्हणजे लॉग. दोन्ही वक्र कुठे छेदतात ते काढायचं.

"म्हणजे आडवं ते उभं, उभं ते आडवं? मग उरेब घडी घाला की!"

तिने पिशवीतला निळा खडू काढून वक्र गिरवला आणि ग्राफपेपर शून्यातून तिरका दुमडला. मी "अगं, अगं!" करेपर्यंत वरून थापटलासुद्धा, ब्लाउजच्या गळ्याची खूण दुसऱ्या बाजूला उठवतात तसा. उघडला तर पलीकडे लॉगचा वक्र!

"आई, दोन ठिकाणी भेटतायत!" मनस्वी ओरडली.

"घडीवरच ना? घडीवरची खूण हलणार कुठे!"

घडीवर म्हणजे x आणि y सारखे. मनस्वीने आकडे घालून पाहिले. दोन घातला, दोन आला. चार घातला, चार. पोरगी अशी हसली की मलाही हसू आलं.

शनिवारी तिला बरोबर सात पडले. ग्राफपेपरवर ही तिरकी घडी! लाल पेन आपोआप तिकडे गेलं. दोन कापले की पाच. मेलं पेनच बंद करून ठेवलं.

रविवारी तुळसा पेढे घेऊन आली. "नाही ना कापलेत, बाई? नववीत मला पस्तीस होते. तुम्ही घडीचे दोन कापलेत."

माझ्या हातातला पेढा हातातच राहिला. "घडी घातलीस कशाला गो?"

"कोन दुभागायला."

"मग तेव्हा सांगितलं का नाहीस?"

"तुम्ही विचारलंत कुठे?" म्हणाली, आणि हसत हसत दुसरा पेढा माझ्यापुढे धरला.