रविवारच्या शिंपल्या

"लॅबमधी करतीस तरी काय गं दिवसभर?" असं कळंब्यात कुणी विचारलं की अनुजा म्हणायची, "शिंपल्यांचं कूळ शोधते." लोक हसायचे. हसणारच की हो! समुद्र पार घाटाखाली, आणि ही बया कोल्हापुरात बसून शिंपल्या चिरतीया.

पण ती शिंपली हसण्यावारी न्यायची नव्हती. जहाजाच्या बुडाला चिकटून परमुलखातनं आलेली, नखाएवढी. एकदा खाडीत शिरली की घोसानं वाढायची, सगळा चिखल झाकून टाकायची आणि खालच्या तिसऱ्या, म्हणजे खायच्या शिंपल्या, हळूहळू गुदमरून मरायच्या. कोकणातली एक खाडी अशी गेली, मग लांबची दुसरी. मधल्या खाड्या मात्र चांगल्या होत्या. पाण्यातनं गेली असती तर आधी त्या गेल्या असत्या. मग हिला उचलून नेतंय कोण? अनुजाला ह्या प्रश्नानं झोप लागेना.

प्रत्येक शिंपलीच्या जनुकांत तिच्या कुळाच्या खुणा असतात. दुसऱ्या जातींसाठी शोधलेल्या खुणा हिला लागू पडेनात, म्हणून अनुजानं नव्यानं शोधायला घेतल्या. वर्ष गेलं. नुसता वैताग! शेवटी खुणा जुळल्या आणि कळलं की दुसऱ्या खाडीतली सगळी पिलावळ पहिलीतलीच. नुकतीच आणखी एका खाडीतनं तपासायला आलेली शिंपलीही तिथलीच. तिन्ही जागा तिनं नकाशावर बघितल्या. तिन्ही एकाच रस्त्यावरच्या पुलांखाली होत्या, आणि तो रस्ता तिला तोंडपाठ होता.

त्या रस्त्यानं तिचा थोरला भाऊ पिराजी पहिल्या खाडीवरनं कोल्हापूरला तिसऱ्यांचा टेम्पो मारायचा. आईबाप गेल्यावर त्याच टेम्पोवर त्यानं तिला शिकवली. बोलायला फटकळ, पण माणूस देवभोळा. त्याच्यावर संशय घ्यायची तिला लाज वाटली.

सोमवारी टेम्पो गॅरेजला होता, म्हणून पिराजी घरीच चहा पीत बसला होता.

"दादा, शनिवारी न खपलेल्या तिसऱ्यांचं काय करतोस?"

"रविवार जोतिबाचा वार. त्या दिवशी जीव मारायचा न्हाय. जित्या असत्यात त्या सोमवारी माल भरायला जाताना पाण्यात सोडतो की."

"कुठल्या पाण्यात?"

"वाटंत पूल लागंल तिथल्या. पानी ते पानी!" तो समाधानानं म्हणाला.

अनुजाला रडू फुटलं. रडत रडतच तिनं सगळं सांगितलं. तिसऱ्यांच्या पाठीला चिकटून ती परकी पिल्लं पोत्यात येतात, आणि पोतं उपडं केलं की नवी खाडी धरतात.

पिराजीनं कप खाली ठेवला. "त्या नव्या खाडीवरची तानाबाई मला राखी बांधती. चिखलात हात घालून पोट भरती ती. म्हंजे तिच्या पोटावर मीच पाय दिला व्हय?"

"तुला काय माहीत होतं दादा? पण आता बंद कर. बाकीच्या खाड्या वाचतील."

पिराजी मान वर करीना. "मी एकटा असतो तर ह्या घडीला बंद केलं असतं. औंदा चैत यात्रेला जोतिबाच्या डोंगरावर मासळीचे समदे ड्रायव्हर जमलं हुतं. मीच पुढं झालो. एकेकाच्या हातात गुलाल दिला आनि शपथ घातली, रविवारचा जीव पान्यातच सोडायचा."

"किती जणांनी घेतली?"

"समद्यांनी."

अनुजानं त्याच्याच फोनवरनं गुंडूला फोन लावून दिला. गुंडू त्याच्याच हाताखाली तयार झालेला ड्रायव्हर, आणि त्याचा माल त्याच पहिल्या खाडीतला, पण जायचा पार दुसऱ्या रस्त्यानं.

"बोला दादा! पुलावर हाय, पोतं मोकळं करतोय."

"गुंड्या, थांब! सोडू नगंस!" पिराजी किंचाळला.

"सोडलं की दादा! जोतिबाच्या नावानं चांगभलं!"