ऐच्छिक फर्मवेअर

शिरूरच्या मार्केट यार्डाजवळ माझं फ्लेक्सचं दुकान आहे. तिथला कॉम्प्युटर बघायला एक गृहस्थ येतात. आल्या आल्या कीबोर्डवर फुंकर मारतात आणि कुणी न विचारता तत्त्वांवर बोलायला लागतात.

त्यांनीच माझं विंडोज काढून लिनक्स टाकलं. पण ग्राफिक्स कार्ड नीट चालायला कंपनीची एक फर्मवेअर फाईल लागते, ती काही घालेनात. "ती ऐच्छिक हाय. आत काय लिव्हलंय ते कंपनी दाखवत न्हाई. आपल्याला तसलं चालत न्हाई," म्हणाले, सोवळ्यात असल्यासारखे.

परिणाम असा, की स्क्रीनवर सगळं आडवं ताणलेलं दिसायचं. सरपंचांच्या वाढदिवसाचा फ्लेक्स करताना त्यांचं तोंड भोपळ्याएवढं दिसलं, म्हणून मी ते दोन्ही बाजूंनी दाबून सारखं केलं. फ्लेक्स छापून चौकात लागला, तेव्हा सरपंच दुखण्यातून उठल्यासारखे दिसत होते. कार्यकर्ते दुकानावर चालून आले. हे गृहस्थ मात्र शांत. "आवो, तत्त्वासाठी थोडं सोसावं लागतं." म्हणजे मी सोसायचं.

परवा त्यांच्या वडिलांच्या पुण्यस्मरणाचा फ्लेक्स करायचा होता. मी फोटो उघडायला गेलो, तर त्यांनी माझा हात अडवला आणि पिशवीतून स्वतःचा लॅपटॉप काढला. त्यावर म्हातारबाबांचा चेहरा होता तस्सा दिसत होता.

"ह्यात ती फाईल घातलीय?" मी विचारलं.

"व्हय," ते म्हणाले. "ह्ये घरचं काम हाय ना."