तात्यांना 'गिळा' कसं म्हणू?

मंगळवारी सकाळी राहुरीजवळच्या एका वस्तीवर माझ्या हातातल्या चमच्याने एका माणसाचा जीव जायची वेळ आली होती... तो माणूस आता ठीक आहे, हे आधीच सांगून टाकतो.

वाचनालयाच्या फळ्यावर हे मुद्दाम लावतोय. आपल्यापैकी बऱ्याच जणांच्या घरी अंथरुणाला खिळलेलं कुणीतरी आहे, आणि त्याला कुणीतरी भरवतंच.

नगरला एका दवाखान्यात सध्या घरच्या रुग्णांची देखभाल शिकवतात. नववीत शाळा सुटलेल्या माझ्यासारख्यालाही घेतात. आधी वर्गात शिकायचं, मग एखाद्या घरी जाऊन काम करायचं आणि जमेल तसं त्या घरच्यांनाही शिकवायचं... मला यातल्या शेवटच्याचीच जास्त धास्ती होती.

शिकवणाऱ्या सिस्टर केरळच्या. मराठी त्या वॉर्डात ऐकून शिकल्या, त्यामुळे आडपडदा नाही. अंगावरून वारं गेलेल्या माणसाला भरवताना प्रत्येक घासाला सांगायचं, "गिळा." मग गळा हललेला बघायचा, गाल तपासायचा. तोंड रिकामं झाल्याशिवाय दुसरा घास नाही.

वर्ग हसला. माझ्या शेजारचा पुटपुटला, "आमची आई रोज हेच म्हणती, उशिरा घरी गेलो की." सिस्टरनी विचारलं, काय झालं... सगळ्यांनी वहीत डोकी घातली. ज्या शब्दाने घरोघरी जेवणाऱ्याचा अपमान होतो, तोच त्या आम्हाला औषधासारखा देत होत्या. शनिवारी त्यांना हे सांगायचं मी ठरवलंय. कसं, ते अजून सुचत नाही.

तर तात्या... मला ज्या घरी पाठवलं तिथले रुग्ण, वस्तीवरचे थोरले. भाऊबंदांचे तंटे त्यांच्या ओट्यावर मिटायचे आणि त्यांच्यापुढे घरात कुणाचा आवाज चढत नसे. आता उजवी बाजू गेली, वाचाही गेली, पण नजर तशीच करडी. बोललेलं सगळं कळतं.

त्यांच्या पत्नीला मी मावशी म्हणतो. त्या मला 'डाक्टर' म्हणतात, आणि तो काही मान नसतो. आल्या दिवशीच त्यांनी विचारलं होतं, "डाक्टर, मिशा फुटल्या की न्हाई अजून?"

मंगळवारी पाठीशी गोधडीची वळकटी लावून मी तात्यांना ताठ बसवलं. हनुवटी किंचित खाली, चमचा चांगल्या बाजूने, सगळं शिकवल्याप्रमाणे. पहिला मऊ भाताचा घास दिला. शब्द ओठांपर्यंत आला, तेवढ्यात तात्यांनी माझ्याकडे बघितलं... मी म्हणालो, "घ्या, तात्या."

त्यांनी तोंड उघडलं. मला वाटलं, घास गेला. दुसरा दिला, पुन्हा "घ्या, तात्या." मी घ्या म्हणत होतो आणि ते बिचारे घेत होते... तो एक शब्द टाळण्यात माझं मन इतकं गुंतलं की गळ्याकडे बघायचंच राहिलं. लुळ्या गालात भात साठत चालला होता.

मग खोकला आला, पण पुरता आलाच नाही. आवाज बंद झाला आणि चेहरा काळपट पडू लागला.

त्यांना पुढे वाकवलं आणि पाठीवर, दोन्ही खांद्यांच्या मधे, तळहाताने जोरात मारलं. पुन्हा मारलं. भाताचा गोळा बाहेर पडला, गालात दिसत होता तेवढा मी बोटाने काढला. तात्यांनी श्वास ओढला तो आवाज मला अजून ऐकू येतो...

गावातल्या डॉक्टरांना बोलावून दाखवलं. धोका टळलाय, पण जपून भरवा, एवढंच ते म्हणाले. मला वाटलं, आता मला घरी पाठवतील, आणि पाठवलं तर बरंच.

दुपारी मावशींनी समोर बसवून विचारलं, नक्की काय चुकलं. मी सगळं सांगितलं. तो शब्द तेवढा हळू आवाजात सांगितला.

"मंग म्हनायचं की," त्या म्हणाल्या.

"तात्यांना कसं म्हणू, मावशी? हाकलून द्याल मला."

"आन् न्हाई म्हनला तर ते जात्याल. बग, काय सोपं हाय ते."

त्यांनी वाटी उचलली आणि तात्यांसमोर जाऊन बसल्या. मी शेजारी. अर्धा चमचा भात दिला आणि त्या थांबल्या. पदर नीट केला. मग म्हणाल्या, "अहो... गिळा."

दारात उभ्या असलेल्या त्यांच्या सुनेने तोंडाला पदर लावला. तात्या मावशींकडे टक लावून बघत राहिले. आणि त्यांचा गळा हलला. मी गाल तपासला. रिकामा होता.

"लई वर्सं मनात हुतं," मावशी म्हणाल्या. "आज डाक्टरचा हुकूमच निघाला."

तात्यांच्या तोंडाची डावी बाजू वर गेली. खांदा हलायला लागला. आजारी पडल्यापासून ते पहिल्यांदाच हसत होते, असं सून मला नंतर म्हणाली.

मावशींनी त्याच आनंदात पुढचा चमचा भरला. मी त्यांचा हात धरला. हसणाऱ्या माणसाला घास द्यायचा नाही, तो भलतीकडे जातो. हेही सिस्टरनी शिकवलेलं, पण वडीलधाऱ्या बाईचा हात धरायचं बळ मला कुठून आलं, देव जाणे. "थांबा मावशी, हसू संपू द्या त्यांचं," मी म्हणालो. त्यांनी निमूट चमचा वाटीत ठेवला.

मग आम्ही सगळे थांबलो... तात्या हसत होते, मावशी त्यांच्याकडे बघत होत्या. भात गार झाला. तो काय, पुन्हा गरम करता येतो.